गेला होतात ना, मग सांगा

नसीमआपांनी पेनाला टोपण लावलं, की समोरच्यानं समजून घ्यायचं, कागदांचं काम संपलं. आता खरी तपासणी. त्यांच्या टेबलाच्या डाव्या अंगाला एक लोखंडी स्टूल असायचं. त्याच्यावर बोटानं टकटक करून त्या म्हणायच्या, "बसा. गेला होतात ना? मग सांगा."

शेख नसीम बानो आमच्या शहरातल्या एका केंद्र सरकारी कार्यालयात बिल सेक्शनला होत्या. पगार, औषधपाण्याची बिलं आणि एलटीसी. सरकारी घरात वाढलेल्यांना हा शब्द सांगावा लागत नाही. इतरांसाठी सांगते. सरकारला वाटतं, आपल्या नोकरानं आपला देश बघावा. म्हणून ठरावीक वर्षांतून एकदा ते त्याला रजा देतं आणि देशात कुठंही जाऊन यायचं भाडं देतं. बायकोमुलांचंसुद्धा. तिकिटं जोडायची, फॉर्म भरायचा, बिल सेक्शननं मंजुरीसाठी पुढं पाठवायचं. फॉर्मवर तारीख, गाडी, अंतर, सगळ्याला रकाने आहेत. काय बघितलं, याला रकाना नाही.

तो रकाना आपांनी स्वतःच्या जिवावर काढला होता.

माझे बाबा त्याच कार्यालयात होते. खरातभाऊ, युनियनचे सेक्रेटरी. आमच्या पुंडलिकनगरच्या घरात पुस्तकांच्या आधी पत्रकं आली. मी अक्षरं ओळखायला शिकले ती "कर्मचारी बंधू-भगिनींनो" या ओळीवर. सोळाव्या वर्षापासून बाबांची पत्रकं मीच लिहायला लागले, कारण माझं लिहिणं बाबांपेक्षा जास्त पेटायचं. गुलमंडीतल्या छापखान्यातून गठ्ठा उचलायचा आणि कार्यालयात नेऊन द्यायचा, हेही माझंच काम. बाबा जागेवर नसले की मी बिल सेक्शनमध्ये बसायचे. तिथला पंखा चालू असायचा. तिथं बसून मी आपांची ती तपासणी कितीदा ऐकली असेल.

त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला नव्हता. एखाद्याला विचारायच्या, गाडीतून उतरल्यावर पहिला वास कशाचा आला? एखाद्याला, तिथल्या बाया डोक्यावर ओझं नेतात का कमरेवर? कुणी मंदिराचं, किल्ल्याचं सांगायला लागलं की हात वर करायच्या. "ते पोस्टरवर असतं हो. स्टेशनवर लावलंय. मला पोस्टरच्या मागचं सांगा."

शिपाई असलेले गायकवाडमामा बायकोला घेऊन काश्मीरला जाऊन आले. आपांनी विचारलं, "बर्फ?"

"बर्फाचं काय सांगू मॅडम. पण चहात मीठ घालतात हो ते! हिनं पहिला घोट घेतला आन् मला म्हणती, तुम्ही डोळं पुसलं का काय ह्याच्यात?"

आपा इतक्या हसल्या की चष्मा काढून ठेवावा लागला. मग गंभीर होऊन म्हणाल्या, "मीठ नुसतं, का दूधबी?"

"दूधबी. गुलाबी रंगाचा."

"गुलाबी," आपा म्हणाल्या. हा शब्द त्यांनी दोनदा म्हणून बघितला. मग टोपण काढलं आणि सही केली.

त्यांचं एक वाक्य सेक्शनमध्ये म्हणीसारखं झालं होतं. "बिल कागदाचं असतं, प्रवास तोंडाचा." दुसरं एक होतं, ते जास्त धोक्याचं. "जाऊन आलेल्या माणसाची एक तरी तक्रार असते. सगळं लई छान होतं म्हणतो, तो घरातून निघालाच नाय."

हे धोक्याचं का, तेही सांगायला हवं. कारण सगळेच जात नव्हते. सरकार भाडं देतं. पण पोचल्यावर राहायचं कुठं, चार जणांनी आठ दिवस खायचं काय, ते ज्याचं त्यानं बघायचं. देश बघा म्हणणारा फलक मोठा आणि कारकुनाचा पगार लहान. मग शहरात कागद तयार करून देणारे भेटतात. प्रवास कागदावर होतो आणि मिळालेल्या पैशात पोराची फी जाते, नाहीतर घराला गिलावा होतो. याला कार्यालयात कुणी चोरी म्हणत नव्हतं. "एलटीसी मारली" म्हणायचे. जसं शाळा मारतात तशी.

खरे प्रवासी मात्र निघण्याआधी आपांकडं यायचे. त्यांना सगळं तोंडपाठ. "भुवनेश्वरला उतरलास की समोरच्या रिक्षात बसू नको, पूल ओलांड. पलीकडचे रास्त घेतात." "गंगटोकला सकाळीच फिरून घे, दुपारून ढग येतेत, हात पसरला तर हात दिसत नाय." माणूस जाऊन यायचा आणि सांगायचा, अगदी तसंच होतं मॅडम. आम्हा सगळ्यांना वाटायचं, या बाईनं अख्खा देश पायाखाली घातलाय.

मी एकोणीस वर्षांची असताना आमचीही वेळ आली. चार वर्षांची मुदत संपत होती. त्या वर्षी घेतली नाही तर सवलत बुडणार. आदल्या वर्षी आईला दागिना मोडून माझ्या कॉलेजचं भागवावं लागलं होतं, आणि आता पुढची फी भरायची होती. बाबांनी दोन रात्री हिशोब मांडला. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "आपण चेन्नईला चाललोय."

आम्ही शेंद्र्याला गेलो.

शहराबाहेर जवळच, शेंद्र्याला माझी आत्या राहते. शेताच्या कडेला तिचं घर, आणि शेताच्या पलीकडं कारखान्यांच्या भिंती. आठ दिवस आम्ही त्या घरात चेन्नईला होतो. रस्त्यावर जायचं नाही, कारण बाबांच्या ओळखीचे कितीतरी जण कंपनीच्या बसनं ये-जा करायचे. आत्या रोज सकाळी आईला विचारायची, "काय वहिनी, आज इडली करू का भाकर?" आई हसायची नाही. बाबा अंगणात फेऱ्या घालत पाठ करायचे: मोठा किनारा, नारळपाणी, दीपस्तंभ. जन्मभर "अन्याय सहन करू नका" असं पत्रकावर छापणारा माणूस नारळपाणी पाठ करत होता. मी ते बघत होते आणि गप्प होते. कॉलेजची फी माझी होती.

बाबा स्टुलावर बसले, त्या दिवशी मी तिथंच होते. पत्रकांचा गठ्ठा मांडीवर होता.

आपांनी टोपण लावलं. "सांगा खरातभाऊ."

"आपा, काय सांगू. एवढा मोठा किनारा. नारळपाणी. आणि संध्याकाळ! सूर्य असा समुद्रात बुडाला, सोन्याचा गोळा."

"समुद्रात?"

"समुद्रातच."

"पूर्ण बुडेपर्यंत बसलात?"

"पूर्ण. पोरगी म्हणत होती, बाबा अजून थांबू."

आपांनी माझ्याकडं बघितलं. मी गठ्ठ्याची सुतळी सोडायला लागले. पेनाचं टोपण त्यांनी काढलं नाही. बिल त्यांनी डाव्या हाताला ठेवलं आणि म्हणाल्या, "माहिती अपुरी आहे भाऊ. राहू द्या इथं."

मराठी माणसाच्या डोक्यात समुद्र पश्चिमेलाच असतो. पुस्तकात, कॅलेंडरवर, सिनेमात, सूर्य नेहमी त्याच्यात बुडतोच. चेन्नईचा समुद्र पूर्वेला आहे, तिथं सूर्य पाण्यातून वर येतो आणि संध्याकाळी गावाच्या मागं मावळतो, हे बाबांना माहीत नव्हतं आणि मलाही नव्हतं. आपांना माहीत होतं, कारण ड्रायव्हर बनसोडे खरोखर जाऊन आले होते आणि पहाटे वाळूवर बसून त्यांनी तो वर येताना बघितला होता. त्या महिन्यात बाबांच्या आधी आणखी दोघांनी चेन्नईचा सूर्य समुद्रात बुडवला होता. त्यांचीही बिलं डाव्या हाताला पडली होती.

तिघं एकत्र आले आणि तो युनियनचा प्रश्न झाला.

"नियमात कुठं लिहिलंय तोंडी परीक्षा घ्यायची?" बाबा घरी येऊन म्हणाले. "तिकिटं जोडलीत. बाकी विचारणाऱ्या या कोण? लिही."

मी लिहिलं. मला सगळं माहीत असून लिहिलं. "बिल सेक्शनची मनमानी बंद करा! कर्मचारी गुन्हेगार आहेत काय?" असा मथळा दिला. खोटं एकही वाक्य नव्हतं त्यात. नियमात खरंच प्रश्न नव्हते. आपण खरं तेवढंच लिहितो आणि तरी खोटं बोलतो, हे मला त्या पत्रकानं शिकवलं. छापखान्यातून गठ्ठा आणला, वाटला. मागणी होती, शेख मॅडमना त्या जागेवरून हलवा.

त्या रविवारी सकाळी नसीमआपा आमच्या दारात उभ्या. हातात कापडी पिशवी. बाबा मीटिंगला गेले होते. आईनं त्यांना बघितलं आणि "बसा आपा, चहा ठेवते" म्हणून जी आत गेली ती बाहेर आलीच नाही.

आपांनी पिशवीतून पत्रक काढलं. "हे तू लिहिलंस ना?"

"कशावरून?"

"भाऊ 'काय' शब्द वाक्याच्या शेवटी घालत नायत. चांगलं लिहिलंय. पण पोरी, मनमानी म्हटलंस, तर एखादा दाखला द्यायला पाहिजे होता. असं हवेत मारल्यावर वाचणारा म्हणतो, हिला काय माहीत नाय."

मी तेव्हा वादात हरायला शिकले नव्हते. म्हणाले, "मग तुम्ही सांगा, नियमात कुठं आहेत तुमचे प्रश्न?"

"कुठंच नाय."

"तुम्हाला दक्षता विभागानं सांगितलंय का?"

"नाय गं."

"मग कशाला विचारता? लोकांना पकडायला?"

आपांनी चष्मा काढला. "पकडायला? पकडायचं असतं तर तिकिटाचा नंबर रेल्वेला कळवला असता. दोन ओळींचं काम. आजपर्यंत एकाचाबी नाय कळवला. खोटं वाटलं की मी म्हणते, माहिती अपुरी. शहाणा असतो तो परत नेतो."

"मग कशासाठी?"

त्यांनी पत्रकाची घडी घालून पिशवीत ठेवली. "माझी अम्मी बारा वर्षं पडून आहे. शेजारची बाई दिवसभर बसती, सहाला तिच्या घरी जाती. रात्रीला मी लागतेच. माझ्या एलटीसी सगळ्या गेल्या. जळगावच्या पुढं मी गेले नाय." मग एकदम हसल्या. "आता हे पत्रकात घालू नको."

भुवनेश्वरचा पूल, गंगटोकचे ढग. स्टुलावर बसून लोक जे सांगायचे, ते जोडत जोडत त्यांनी देश उभा केला होता. त्यात कुणी खोटा तुकडा आणून दिला तर त्यांना राग चोरीचा यायचा नाही. समजा कुणी उद्या खऱ्याच चेन्नईला निघाला, आणि आपांनी त्याला संध्याकाळी किनाऱ्यावर सूर्य बघायला बसवलं, तर?

जाताना त्यांनी पिशवीतून एक पाकीट काढून माझ्या हातात दिलं. बाबांचं बिल. "भाऊंना दे. म्हणावं, माझ्याकडनं पुढं गेलं नाय. कुणाला काय बोलले नाय, बोलणारबी नाय. आता पुढं काय करायचं ते त्यांचं त्यांनी ठरवावं."

दारातून परत वळल्या. "आणि त्यांना सांग, एकदा खरंच जाऊन या."

सोमवारी साहेबांनी आपांकडून लेखी खुलासा मागितला. एक वाक्य पुरेसं होतं. युनियनच्या सेक्रेटरीनं चेन्नईचं खोटं बिल दिलं होतं, त्याची आवक नोंद आहे, मुलगी साक्षीला आहे. पत्रक तिथल्या तिथं मेलं असतं आणि बाबांची नोकरीही. दोन दिवस बाबा जेवले नाहीत. मी त्यांच्या समोर बसायचे आणि दोघंही दारावर कुणी येतंय का ते ऐकायचो.

खुलाशाची प्रत युनियनला आली. तीन ओळी होत्या. मला प्रश्न विचारण्याचा अधिकार नाही. मी केवळ उत्सुकतेपोटी विचारत होते. यापुढे विचारणार नाही.

बाबांनी ती प्रत दोनदा वाचली आणि घडी घालून खिशात ठेवली. ते पाकीट त्यांनी पुन्हा कधी दाखल केलं नाही. बाकी दोघांनीही आपापलं परत नेलं. तरीही आपांची बदली झाली, त्याच इमारतीत, तळमजल्यावर, आवक-जावक विभागात. पत्रांवर शिक्के मारायचे. कुणी जिंकलं म्हणून पेढे आणले. आमच्या घरात ते तसेच राहिले.

मी दुसरं पत्रक लिहिलं. एकच पान. पहिल्या पत्रकातला आरोप चुकीचा होता, ते लिहिणारी मी, आणि का चुकीचा होता तेही मला माहीत होतं. बाबांपुढं ठेवलं. त्यांनी वाचलं, चष्मा काढला. "बरोबर लिहिलंस. हे छापलं तर माझी नोकरी जाईल. छापायचं का, तू सांग."

मी ते पान परत घेतलं. ते अजून माझ्याकडं आहे. आजही लोक मला म्हणतात, तुझ्या लिहिण्यात धार आहे. मी त्यांना ते पान दाखवत नाही.

बिल सेक्शनमध्ये नंतर कुणी काही विचारलं नाही. कामं भराभर व्हायला लागली. सगळं संगणकावर गेलं. लोक खूश होते. गायकवाडमामा तेवढे एकदा बाबांना म्हणाले, "भाऊ, मी कन्याकुमारीला जाऊन आलो. कुणी विचारलंच नाय हो. गेलो का नाय गेलो, माझं मलाच कळंना."

सरकारचं धोरण काय आहे, ते मी आता वाचते. त्यात पर्यटनामुळं देश एकमेकांना ओळखू लागेल असं लिहिलेलं असतं. मला ते पटतं, खरंच पटतं. पण जाऊन आलेल्या माणसाला बसवून घेईल आणि सांग म्हणेल, अशी एकही खुर्ची त्या धोरणात नाही. एक लोखंडी स्टूल होतं. ते आम्ही काढलं.

गेल्या हिवाळ्यात आपांच्या अम्मी वारल्या. बाबांनी जाऊन खांदा दिला. आपांच्या निवृत्तीला काही महिने राहिले होते आणि शेवटची मुदत चालू होती. त्या जाणार, असं बाबांच्या तोंडून ऐकलं. कुठं, ते त्यांना माहीत नव्हतं. विचारायचं धाडस बाबांना झालं नव्हतं.

परवा बाबांच्या गुडघ्याच्या रजेचं सर्टिफिकेट द्यायला मी कार्यालयात गेले. बिल सेक्शनमध्ये माझ्या पुढं एकच माणूस होतं. नसीमआपा. त्याच खोलीत, पण टेबलाच्या या बाजूला. नव्या कारकुनानं स्क्रीनवरून मान वर न करता विचारलं, "गुवाहाटी, शिलाँग?"

"व्हय."

"ट्रेननं. तिकिटं आहेत दोन्हीकडची? सेल्फ, बाकी कुणी नाही." त्यानं चार-पाच वेळा टकटक केलं. "झालं मॅडम. सबमिट झालं."

आपा हलल्या नाहीत. हातातली पिशवी त्यांनी या हातातून त्या हातात घेतली.

कारकुनानं वर बघितलं. "अजून काही?"

"नाय," आपा म्हणाल्या. "झालं ना? झालं मग."

त्या वळल्या. मी दारातून बाजूला झाले. त्यांनी मला बघितलं नाही, किंवा बघून ओळखलं नाही. जिना उतरताना त्या एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत होत्या. मी सर्टिफिकेट त्या कारकुनापुढं टाकलं, पोच न घेताच धावले आणि फाटकाजवळ त्यांना गाठलं.

"आपा."

"अगं, पोरी तू? भाऊंचा गुडघा कसाय?"

"बरा आहे." पुढं काय बोलायचं ते मी तीन वर्षं मनात लिहीत होते. त्यातलं एकही वाक्य आठवलं नाही. म्हणाले, "आपा, मला वेळ आहे."

त्यांना कळलं. त्यांनी कडुनिंबाखालचा कट्टा बघितला, पदरानं झटकला. "मला लई वेळ लागंल हां."

"लागू द्या."

आपा बसल्या. पिशवी मांडीवर घेतली, चष्मा काढून पुसला, परत लावला. मला वाटलं, शिलाँगच्या ढगांपासून सुरू करतील, नाहीतर ब्रह्मपुत्रेपासून. त्यांनी सुरुवात केली गल्लीच्या तोंडाशी आलेल्या रिक्षापासून. रिक्षावाला सलीम त्यांच्याच मोहल्ल्यातला. तो म्हणाला, "खाला, इतनी बडी बॅग? दवाखान्यात ॲडमिट होताय का?" मग बॅगेत काय काय होतं ते आलं. मग स्टेशनवर डबा कुठं थांबणार ते कुणी खरं सांगितलं आणि कुणी खोटं. मग खिडकीशेजारी बसलेली लासूरची बाई, तिची सून, सुनेचं बाळ.

अर्ध्या तासानं आम्ही जेमतेम मनमाडला पोचलो होतो.